मेंढी ऊन कसे सोसते?

बुऱ्हाणपूर हा मध्य प्रदेशाचा सीमावर्ती जिल्हा आहे. दिनांक १५ ऑगस्ट २००३ रोजी तो पूर्व निमाड जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. उत्तरेस सातपुड्याची रांग व असीरगडचा किल्ला, मधून वाहणारी तापी, आणि दक्षिण व पूर्व बाजूंस लागून असलेले महाराष्ट्राचे जळगाव, बुलढाणा व अमरावती हे जिल्हे, अशी त्याची ठेवण आहे. जमीन काळी, पिके कापूस व केळीची, आणि सीमेलगतच्या पुष्कळ घरांतील बोली मराठी. खान्देश आणि निमाड यांना राज्याच्या सीमेने वेगळे केले असले, तरी दोहोंचा उन्हाळा एकच आहे.

वैशाखात येथे पारा ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. दुपारी रस्ते ओस पडतात, बैल गोठ्यात बांधले जातात, शेतमजूर झाडाखाली विसावतात. अशा वेळी पीक निघालेल्या उघड्या रानात मेंढ्यांचा कळप मात्र उभा दिसतो. हे दृश्य वर्षानुवर्षे पाहिल्यामुळे ‘मेंढीला ऊन लागत नाही’ असा समज रूढ झाला आहे. तो अर्धाच खरा आहे. मेंढीला ऊन लागते. परंतु ते सोसण्याची साधने निसर्गाने तिला दिली आहेत. ही साधने बहुतांशी पाण्यावर चालतात. पाण्याचा हा जमाखर्च बिघडला म्हणजे तिची सहनशक्ती झपाट्याने संपते, आणि झालेली हानी पुष्कळदा सहा महिन्यांनी, कोकरे जन्मण्याच्या वेळी, लक्षात येते. यास्तव मेंढी ऊन कसे सोसते हे मेंढपाळांप्रमाणेच ग्रामपंचायतीचे सदस्य, पशुसंवर्धन खात्याचे कर्मचारी व शिक्षक यांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

उष्णता येते कोठून?

निरोगी मेंढीच्या शरीराचे तापमान सुमारे ३९ अंश असते. हवा याहून थंड असेल तोवर अंगातील उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा याहून तापली की ओघ उलटतो आणि बाहेरची उष्णता अंगात शिरू लागते. वरून सूर्याचे किरण, खालून तापलेल्या जमिनीची धग आणि बाजूंनी उष्ण वारा असा तिहेरी मारा होतो. त्यात शरीराच्या आतील उष्णतेची भर पडते. मेंढीच्या मोठ्या पोटात चारा आंबतो तेव्हा उष्णता निर्माण होते. चालण्याने, दूध देण्याने, गर्भाच्या वाढीनेही ती निर्माण होते. म्हणूनच कडक उन्हात मेंढी आपण होऊन कमी खाते. हा आजार समजू नये. आतील चूल मंद करण्याचा तो शरीराचा उपाय आहे. मात्र हे दिवस लांबले तर वजन घटते व दूध आटते.

लोकर : उन्हातील छप्पर

लोकर थंडीसाठी असते, मग उन्हाळ्यात तिचा जाच होत असेल, असे वाटणे साहजिक आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. लोकरीच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते व ती उष्णतेला सहजासहजी वाट देत नाही. ऑस्ट्रेलियातील तळपत्या उन्हात उभ्या असलेल्या मेरिनो मेंढ्यांच्या लोकरीच्या टोकांचे तापमान ८० अंशांच्या वर गेल्याचे आढळले, तेव्हा त्याच लोकरीखालची कातडी ४० अंशांच्या आसपास होती. टोकाशी शोषली गेलेली उष्णता कातडीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच बरीचशी परत हवेत गेली. खान्देशातील शेतकरी पत्र्याच्या छपरावर पऱ्हाटीचा थर घालतो त्यामागील तत्त्व हेच आहे.

यावरून भर उन्हाळ्यात मेंढी अगदी मुंडून काढणे अहिताचे का, हे ध्यानात येईल. नुकतीच कातरलेली मेंढी उन्हात अधिक धापा टाकते, म्हणजेच अधिक पाणी खर्च करते. उलटपक्षी लोकर फार दाट व लांब असली तर अंगातील उष्णता बाहेर पडण्यास व कातडीला वारा लागण्यास अडथळा होतो. मध्यम लांबीची, विरळ व मोकळी लोकर उष्ण प्रदेशात सर्वांत सोयीची ठरते.

महाराष्ट्राच्या कोरड्या भागातील दख्खनी मेंढीची लोकर नेमकी अशी आहे. ती जाडीभरडी, केसाळ आणि विरळ असते. उंची वस्त्रांना ती चालत नाही, तिची घोंगडी होते. म्हणून बाजारात तिला भाव कमी मिळतो. परंतु मेंढीच्या दृष्टीने ती उन्हातले छप्परही आहे आणि खिडकीही. या मेंढीचे लोंबते कान, लांब पाय, पोटाखालचा व मांड्यांच्या आतील जवळजवळ केसविरहित भाग यांतून अंगातील उष्णता बाहेर टाकली जाते. ऊन वाढले की या भागांतील कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात व तेथे अधिक रक्त खेळू लागते.

धाप : शरीराचा पंखा

घोडा किंवा माणूस घामाने थंड होतो. मेंढीला घाम येतो, परंतु थोडा. आणि लोकरीखालचा घाम लवकर वाळतही नाही. तिचा मुख्य आधार म्हणजे धाप. सावलीत स्वस्थ बसलेली मेंढी मिनिटाला साधारणपणे १५ ते ३० वेळा श्वास घेते. कडक उन्हात हीच संख्या २०० च्याही वर जाऊ शकते. हे श्वास उथळ असतात. हवा नाकाच्या ओलसर पोकळीवरून वेगाने ये-जा करते, तेथील पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना रक्तातील उष्णता वाहून नेली जाते. तीव्र उष्म्यात मेंढी जी उष्णता बाहेर टाकते, तिच्यातील निम्म्याहून अधिक याच मार्गाने जाते.

एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. तीस किलो वजनाच्या मेंढीच्या शरीराचे तापमान एक अंशाने वाढण्यास सुमारे २५ किलोकॅलरी पुरतात. म्हणजे एक लिटर पाणी जी उष्णता घालवते, ती अंगातच साचती तर मेंढीचे तापमान वीस अंशांहून अधिक वाढले असते. पाणी मेंढीला कसे जिवंत ठेवते हे या एका हिशेबावरून स्पष्ट होते.

धापेलाही किंमत द्यावी लागते. बरगड्यांच्या सततच्या हालचालीने शक्ती खर्च होते. धाप फार वाढली तर शरीरातील कर्बवायू प्रमाणाबाहेर निघून जातो व रक्ताचे संतुलन बिघडते. म्हणून मेंढी शक्य तोवर धाप टाळते. सकाळचे तापमान थोडे कमी ठेवून ती दिवसाभरात ते एक-दोन अंशांनी वाढू देते व साचलेली उष्णता रात्री थंड हवेत, पाणी न खर्चता सोडून देते. वर दिलेल्या हिशेबाने पाहता एक अंश वाढ सोसल्यास एका मेंढीचे सुमारे चाळीस मिलिलिटर पाणी वाचते. शंभर मेंढ्यांच्या कळपात ही बचत चार लिटरची होते. मात्र यासाठी रात्र थंड व मोकळी मिळाली पाहिजे. कोंदट वाड्यात रात्रभर दाटीवाटीने कोंडलेल्या मेंढ्या कालची उष्णता अंगात घेऊनच दुसऱ्या दिवसाला सामोऱ्या जातात.

मेंदूसाठी मेंढीच्या शरीरात वेगळी योजना आहे. मेंदूकडे जाणारे रक्त त्याच्या तळाशी बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून जाते. नाकाच्या पोकळीत थंड झालेले रक्त या जाळ्याभोवतीून परतत असते. दोहोंची शेजारभेट होऊन मेंदूकडे जाणारे रक्त किंचित निवते. मेंदूला उष्णतेपासून वाचविणे एवढाच याचा हेतू असावा असे पूर्वी समजले जाई. अलीकडील संशोधनावरून यामागे पाण्याची बचतही आहे असे दिसून आले आहे. तापमानावर लक्ष ठेवणारे केंद्र मेंदूतच असल्यामुळे ते थंड राहिले म्हणजे धाप उशिरा सुरू होते व पाणी कमी खर्ची पडते.

पाण्याचा जमाखर्च

बुऱ्हाणपुरात सतराव्या शतकाच्या आरंभी, मोगल अमदानीत, ‘कुंडी भंडारा’ ही भुयारी पाणीयोजना उभारण्यात आली. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भुयारातून शहराकडे आणले जाई. पाणी उन्हात उघडे न टाकता आत सांभाळावे आणि लागेल तसे काढावे, ही त्यामागील दृष्टी. मेंढीच्या शरीराची व्यवस्था काहीशी अशीच आहे.

तिच्या मोठ्या पोटात चाऱ्याबरोबर कित्येक लिटर पाणी साठलेले असते. पिण्यास पाणी मिळाले नाही तर प्रथम हा साठा वापरला जातो. पाठोपाठ मूत्रपिंडे मूत्र अत्यंत घट्ट करतात; माणसाच्या मूत्राच्या दुपटीहून ते अधिक घट्ट होऊ शकते. लेंडीतील ओलावाही शोषून घेतला जातो, म्हणून तहानलेल्या मेंढीच्या लेंड्या कोरड्या व टणक असतात. शरीरातील पाणी घटत असतानाही रक्त शक्य तितके पातळ राखले जाते, त्यामुळे हृदयावर एकदम ताण येत नाही. माणसाच्या वजनाचा दहा-बारा टक्के भाग पाण्याच्या रूपाने गेला तर त्याचा जीव धोक्यात येतो. रुक्ष प्रदेशातील मेंढ्यांनी वजनाच्या २५ टक्क्यांपर्यंत घट सोसल्याच्या नोंदी आहेत. पाणी मिळताच अशी मेंढी गमावलेल्या पाण्याचा मोठा भाग काही मिनिटांत भरून काढते.

याच गुणामुळे राजस्थानातील मारवाडी मेंढी रोज पाणी न मिळताही वाळवंटात टिकाव धरते. परंतु यावरून मेंढीस पाणी कमी लागते असा अर्थ काढू नये. ती पाणी उधारीवर चालवते आणि उधारी फेडावीच लागते. हिवाळ्यात प्रौढ मेंढीस दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पुरत असेल, तर वैशाखात त्याच्या दुपटीहून अधिक लागते. गाभण व दूध पाजणाऱ्या मेंढीची गरज याहूनही मोठी असते.

कळपाचे शहाणपण

भर दुपारी सावली नसलेल्या रानात मेंढ्या एकमेकींना खेटून, माना खाली घालून उभ्या राहतात. प्रत्येक मेंढीचे डोके शेजारणीच्या पोटाखाली असते. उन्हात गर्दी करणे वेडेपणाचे वाटते, परंतु त्यात सोय आहे. डोके सावलीत जाते, आणि प्रत्येकीच्या अंगाचा किरणांपुढे उघडा पडणारा भाग कमी होतो. अशा कळपास काठीने पांगवू नये.

मेंढपाळांची रीतही याला धरूनच आहे. उजाडण्यापूर्वी कळप चरावयास सोडणे, उन्हे चढण्यापूर्वी पाण्यावर नेणे, दुपारी बाभूळ वा कडुनिंबाखाली रवंथ करू देणे, आणि दिवस कलल्यावर पुन्हा चारणे हा क्रम कोणत्याही पुस्तकातून आलेला नाही. स्थलांतर हाही उन्हाशी व टंचाईशी जुळवून घेण्याचाच मार्ग आहे. खान्देशातील ठेलारी धनगर आणि पावसाळ्यानंतर मध्य प्रदेशाकडे उतरणारे राजस्थानातील रायका यांचे कळप चारा व पाणी असेल तिकडे सरकत राहतात. पीक निघालेल्या शेतात मेंढ्या बसवल्या म्हणजे शेतकऱ्यास लेंडीखत मिळते व कळपास चारा. या व्यवहाराची साखळी पाणवठ्यांवर अवलंबून आहे. एखाद्या मुक्कामाचा हौद कोरडा निघाला किंवा नदीकडे जाणारी वाट कुंपणाने बंद झाली, तर कळपास भर उन्हात पुढच्या पाण्यापर्यंत चालावे लागते. चालण्याने उष्णता वाढते आणि पाण्याचा साठा संपत आलेला असतो. मेंढीची उधारी नेमकी येथे बुडते.

जात निवडताना

सर्वच मेंढ्या ऊन सारख्या प्रमाणात सोसत नाहीत. दक्षिणेतील नेल्लोर मेंढी उंच, लांब पायांची असून तिच्या अंगावर लोकरीऐवजी आखूड केस असतात. पश्चिम आशियातील कित्येक जाती शेपटीत चरबी साठवून दुष्काळाची बेगमी करतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकर सुधारण्याच्या हेतूने भारतात मेरिनो व रॅम्बुले जातींच्या नरांचा देशी मेंढ्यांशी संकर करण्यात आला. राजस्थानात अविकानगर येथे १९६२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने मालपुरा व रॅम्बुले यांपासून ‘अविकालीन’ आणि चोकला व रॅम्बुले यांपासून ‘अविवस्त्र’ हे प्रकार तयार केले. संकरित मेंढीची लोकर चांगली असली, तरी तिला चारा, पाणी व सावली यांची निगा देशी मेंढीपेक्षा अधिक लागते. ज्याचा कळप वर्षभर पायी फिरतो, त्याने केवळ वजन वा लोकर पाहून नर घेऊ नये. तो नर वैशाखात कसा राहतो हेही विचारून घ्यावे.

सहनशक्तीची मर्यादा

धापेचा उपयोग हवा कोरडी असेपर्यंतच होतो. ज्येष्ठात ढग जमू लागतात, हवा दमट होते, परंतु पाऊस पडलेला नसतो. पारा दोन-चार अंशांनी उतरलेला असला तरी दमट हवेत नाकातील पाण्याची वाफ नीट होत नाही आणि धापून धापून मेंढी थकते. वारा पडलेला असेल तर कष्ट आणखी वाढतात. म्हणून तापमापकावरील आकडा पाहून निर्धास्त होऊ नये. दाट केळीबागेच्या आडोशाला सावली असते, परंतु तेथे वारा कोंडतो व हवा ओलसर असते. त्यापेक्षा उंचवट्यावरील मोकळ्या झाडाची सावली बरी.

दुसरी मर्यादा प्रजननाची आहे व ती सहसा दिसून येत नाही. मेंढ्याच्या वृषणांचे तापमान शरीरापेक्षा काही अंशांनी कमी असावे लागते. तरच वीर्य सकस राहते. उन्हाच्या तडाख्यात हा फरक टिकला नाही तर वीर्य निकस होते. वीर्य नव्याने तयार होऊन परिपक्व होण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. मेच्या अखेरीस तापलेला नर जूनमध्ये धडधाकट दिसतो, कळपात फिरतो, मेंढ्यांवर चढतोही. परंतु गर्भ राहत नाही. पहिल्या पावसाच्या हिरव्या चाऱ्यावर बऱ्याच मेंढ्या माजावर येतात तो काळ नेमका हाच. मेंढीचा गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा असल्यामुळे कोकरांची संख्या घटल्याचे कार्तिक-मार्गशीर्षात कळते. तोवर मे महिन्यातील उन्हाची आठवण कोणासही राहिलेली नसते व दोष मेंढीच्या वांझपणास किंवा दैवास दिला जातो. मेंढ्यांच्या बाबतीतही फळल्यानंतरचे पहिले काही दिवस नाजूक असतात. त्या वेळी कडक ऊन लागल्यास गर्भ जिरू शकतो. गाभण मेंढी दीर्घकाळ उन्हात राहिल्यास कोकरू कमी वजनाचे जन्मते.

कोणती काळजी घ्यावी?

कातरणी होळीपूर्वी उरकावी, म्हणजे वैशाखापर्यंत लोकरीचा काही थर तयार होतो. पुढील कातरणी पाऊस सुरू होऊन ऊन ओसरल्यावर करावी.

सकाळी दहाच्या आत व सायंकाळी चारनंतर चरावयास न्यावे. दिवसातून किमान दोनदा पाणी पाजावे. पाणी सावलीतील असावे. चाटणासाठी मीठ ठेवावे.

पत्र्याच्या छपराखाली मेंढ्या कोंडू नयेत. छप्पर पत्र्याचेच असल्यास त्यावर पऱ्हाटी, तुराट्या किंवा गवताचा जाड थर घालावा व बाजू मोकळ्या ठेवाव्यात. रात्री वाघूर लावून उघड्यावर बसविलेला कळप कोंदट वाड्यातील कळपापेक्षा सुखी असतो.

पैदाशीच्या नरांना एप्रिलच्या मध्यापासून दुपारी सावलीत, पाण्याजवळ ठेवावे. अनेक मेंढ्यांमागे असलेल्या एका नराची ही निगा पुढील हंगामाच्या सर्व कोकरांची निगा ठरते.

मेंढी कळपापासून अलग पडली, तोंड उघडे टाकून व जीभ बाहेर काढून धापू लागली, झोकांड्या देऊ लागली, तर तिला उष्माघात झाला असे समजावे. ताबडतोब सावलीत न्यावे, पोटाखाली, पायांवर व कानांवर गार पाणी शिंपडावे, वारा घालावा, थोडेथोडे पाणी पाजावे व पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा.

ग्रामपंचायतींनी उन्हाळ्यापूर्वी गुरांच्या हौदांची दुरुस्ती करून ते भरलेले राहतील हे पाहावे आणि पाणवठ्याकडे जाणाऱ्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात. बाहेरून आलेल्या कळपासही पाणी नाकारले जाऊ नये. त्याच मेंढ्यांच्या लेंडीने गावाचीच शेते कसदार होत असतात.

शिक्षकांना या विषयातून विद्यार्थ्यांना एक सोपा प्रयोग देता येईल. स्वस्थ उभ्या असलेल्या मेंढीपासून थोडे दूर थांबून तिच्या बरगड्यांची हालचाल मिनिटभर मोजावी. सकाळी सातला, दुपारी दोनला आणि सूर्यास्तानंतर, सावलीत व उन्हात, अशा नोंदी कराव्यात. श्वास मिनिटाला ४० ते ६० असल्यास उन्हाचा ताण सौम्य, ६० ते ८० असल्यास मध्यम, ८० ते १२० असल्यास तीव्र समजतात. २०० च्या वर गेल्यास जिवास धोका असतो. आठवडाभराच्या नोंदींवरून गावातील कोणते झाड कळपास सर्वांत अधिक विसावा देते हे मुलेच सांगू शकतील आणि त्या झाडावर कुऱ्हाड का पडू नये हेही त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

मेंढी मुकाट्याने सोसते, ओरडत नाही. त्यामुळे तिचे सोसणे कोठे संपते हे पाहणे माणसाच्या माथी येते. सकाळचा चारा, दुपारची सावली, वेळेवरचे पाणी आणि थंड मोकळी रात्र या चार गोष्टी लाभल्या तर तापीकाठच्या वैशाखातूनही कळप सुखरूप बाहेर पडतो, आणि दिवाळीनंतर वाड्यात कोकरांचा आवाज ऐकू येतो.